शिंप्याच्या लेकीला मापात गंडवलं

आमचे अण्णा सातारला शिंपीकाम करायचे. गिऱ्हाईक समोर ताठ उभं करायचे, टेप लावायचे, आकडा मोठ्यांदा म्हणायचे आणि शाळेतून आले की मी तो लाल बांधणीच्या वहीत उतरवून घ्यायचे. उंची, छाती, कंबर, सीट, बाही. अशा घरात वाढलेल्या बाईला कॅनडात एका माणसानं मापाच्याच नावाखाली अकराशे पंचाहत्तर डॉलरला गंडवलं. गप्प बसले असते, पण मंडळाच्या ग्रुपवर त्याचा नंबर मीच तीन घरांना दिला होता. म्हणून हे लिहितेय.

आम्ही ब्रॅम्प्टनला राहतो. धाकटा अकरा वर्षांचा आहे. हिवाळ्यात हॉकी, उन्हाळ्यात लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीनं बॉल झेलायचा-फेकायचा खेळ. इथे १९९४ पासून कायद्यानंच हिवाळ्याचा राष्ट्रीय खेळ हॉकी आणि उन्हाळ्याचा लॅक्रॉस आहे. वसंत आला की रिंकमधला बर्फ काढतात आणि खालच्या सिमेंटवर बॉक्स लॅक्रॉस सुरू होतो. म्हणजे पोरं तीच, रिंक तोच, आईबाप तेच, आणि आमच्या बाबतीत दुकानदारही तोच.

माझ्या डोक्यातली हॉकी म्हणजे मैदानावरची, ध्यानचंदांची. इथले आईबाप लहानपणापासून बर्फावर वाढलेले. ते काचेपलीकडे बघत 'एज', 'रॉकर', 'हॉलो' असलं काही बोलायचे आणि मी कॉफीचा कप धरून मान डोलवायचे. दोन वर्षं डोलवली. 'म्हणजे काय हो?' एवढं एकदा विचारलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

तो माणूस रिंकच्या कॉरिडॉरमध्येच भेटला. घराच्या गॅरेजमध्ये त्याचं दुकान होतं: धार लावायचं मशीन, स्केट तापवायची छोटी भट्टी, भिंतीवर सह्या केलेल्या जर्सी. बोलायला लाघवी. हॉकीतला नामांकित खेळाडू बॉबी ऑर स्केटमध्ये मोजे घालायचाच नाही, हे मला त्यानंच सांगितलं. घरी येऊन शोधलं तर खरं निघालं. त्याच्या बोलण्यात अशा खऱ्या गोष्टी पुष्कळ असायच्या, आणि माझा विश्वास बसला तो त्यांच्यावर.

पोराचा घोटा आत कलतो, हे त्यानं एका सराव सत्रात हेरलं. "मुलात दोष नाही, स्केट चुकीचे आहेत," म्हणाला. कुठल्या आईला हे ऐकून बरं वाटणार नाही? कंपनीकडून पायाच्या मापाचे कस्टम स्केट मागवू, ७८० डॉलर. तीनशे आधी ई-ट्रान्सफरनं, बाकी रोख. रोख दिलेत तर तेरा टक्के एचएसटी लागणार नाही. बिलही अर्थातच नाही. इथे मी त्याला एकट्याला दोष देत नाही. शंभरेक डॉलरचा कर वाचतोय म्हणून मीही खूश झाले होते.

आता माप. पोराला त्यानं स्टुलावर बसवलं. पायात जाड लोकरी मोजे होते, ते तसेच. फोननं पायाचे चार फोटो काढले आणि म्हणाला, "थ्री-डी स्कॅन झाला." कागदावर एक आकडा लिहिला नाही. नंतर हे सगळं अण्णांना फोनवर सांगत होते तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "पोरगं उभं होतं का बसलेलं?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, जन्मात बर्फ न पाहिलेल्या माणसाला जे सुचलं ते मला समोर उभी असून सुचलं नाही. अंगाचा भार पडला की पाऊल लांबतं, रुंदावतं. बसलेल्या पायाचं माप म्हणजे श्वास आत ओढून धरलेल्या माणसाच्या पोटाचं माप.

स्केट बारा दिवसांत आले. कंपनी खरोखर एखाद्या पायासाठी बूट बनवते तेव्हा त्याला कित्येक आठवडे लागतात. हे मला आता माहीत आहे. तेव्हा वाटलं, काय वक्तशीर माणूस! बुटाच्या जिभेवर आमचं आडनाव चमकत होतं. पोरगा ते बघून हरखला आणि मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. तीन घरांनी नंबर मागितला तो त्याच रात्री.

मग त्यानं बूट भट्टीत तापवले. ही पद्धत खरी आहे. साधारण ऐंशी अंश सेल्सियसला काही मिनिटं तापवलं की बुटाचं कवच मऊ होतं, गरम असतानाच पाय घालून नाड्या बांधायच्या आणि गार होईपर्यंत हलायचं नाही. नव्या स्केटबरोबर बरीच दुकानं हे फुकट करून देतात. यानं पोराला गरम बुटांनिशी गॅरेजभर चालायला लावलं. चालल्यानं मऊ कवच वेडंवाकडं बसतं, हे कळायला मला पुढे पाच महिने लागले.

दोन आठवड्यांनी आडनावातलं शेवटचं अक्षर सोलून निघालं. शिवलेलं नव्हतंच ते, इस्त्रीनं चिकटवलेलं होतं. शिंप्याच्या लेकीनं यावर तरी बोलायला हवं होतं की नाही? मी फेव्हिक्विकनं चिकटवून टाकलं.

पोरगा पडायला लागला. तेही डावीकडे वळताना. प्रशिक्षक म्हणाले, स्केट मोठे वाटतात. मी गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "स्केट बरोबर आहेत, प्रोफाइल करायला हवं." हा शब्द मला तेव्हा मंत्रासारखा वाटला. ५५ डॉलर. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा ५५. फेब्रुवारीत आणखी एकदा.

आता समजलंय ते सांगते, म्हणजे कुणी हा मंत्र म्हटला तर घाबरायला नको. स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मधोमध लांबीच्या दिशेनं एक बारीक पन्हळ कोरलेली असते, तीच 'हॉलो', आणि तिच्या दोन कडा म्हणजेच दोन धारा, 'एज'. या पन्हळीची गोलाई इंचात मोजतात. अर्धा इंच हे सर्रास चालणारं माप. आकडा लहान तितकी पन्हळ खोल आणि बर्फावर पकड जास्त. आकडा मोठा तितकं घसरणं सोपं, पण पकड कमी. धार लावतात ती या पन्हळीची, आणि ती वरचेवर लावावीच लागते. आठ-दहा डॉलरचं काम. प्रोफाइल वेगळं. पातं बाजूनं पाहिलं तर झुलत्या खुर्चीच्या पायासारखं किंचित वक्र दिसतं. हाच तो 'रॉकर'. ही वक्रता ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याच्या त्रिज्येनं, फुटात मोजतात. नऊ फुटांची असेल तर गिरक्या चपळ, अकरा-तेरा फुटांची असेल तर वेग आणि स्थिरता. हे काम एकदा नीट केलं की चांगला कारागीर पुढच्या कित्येक धारा ती वक्रता न बिघडवता लावतो. तीन महिन्यांत तीनदा प्रोफाइल म्हणजे एकाच पँटची तीनदा उंची कमी करणं. गेलेलं पोलाद परत जोडता येत नाही.

एप्रिल उजाडला आणि लॅक्रॉस सुरू झाला. लॅक्रॉसची काठी म्हणजे लांब दांडा, पुढे प्लॅस्टिकचं डोकं आणि त्यात बॉल झेलायची जाळी. जाळी विणणं ही स्वतंत्र विद्या आहे. बॉल कुठे बसावा, फेकताना कधी सुटावा, हे खेळाडूगणिक ठरतं. गॅरेजवाला म्हणाला, सिक्स नेशन्स या मूळनिवासींच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडून पारंपरिक चामड्याची जाळी विणून आणतो, तुमच्या मुलाच्या फेकीप्रमाणे. २३० डॉलर.

इथे थोडं थांबते, कारण मला जास्त राग याचा आला. लॅक्रॉस हा खेळच मुळी इथल्या मूळनिवासी हौदेनोशौनी लोकांचा. त्यांच्या लेखी तो विधात्यानं दिलेला खेळ आहे. ग्रँड नदीकाठची त्यांची सिक्स नेशन्सची वस्ती आमच्या घरापासून गाडीनं तासा-सव्वा तासावर. तिथे हिकरीच्या लाकडाची काठी करतात ती वाफेवर वाकवून, महिनोन् महिने वाळवून. अशा लोकांचं नाव घेऊन यानं मला काय दिलं? नवशिक्यांसाठी मोठ्या दुकानात तयार मिळते ती काठी, कापडाच्या रंगात बुडवून जांभळी केलेली. जाळी चामड्याची नव्हतीच, तपकिरी मेण चोळलेल्या धाग्याची होती. मी कोल्हापुरी चपला घालून वाढले. कोऱ्या चामड्याचा वास मला झोपेत ओळखता येतो. या जाळीला मेणबत्तीचा वास येत होता. आला होता मला. 'इकडचं चामडं असं असेल' म्हणून स्वतःची समजूत घातली.

पहिल्याच आठवड्यात पोराच्या हातमोज्यांचे तळवे जांभळे झाले. पास द्यायला गेला की बॉल चार फुटांवर जमिनीवर आपटायचा. जाळी वाजवीपेक्षा खोल आणि वरच्या आडव्या दोऱ्या करकचून आवळलेल्या. अशानं बॉल काठीच्या डोक्यात अडकून उशिरा सुटतो आणि खाली जातो. आणि पहिल्याच सामन्यात पंचांनी काठी बाहेर काढली. 'मुलाच्या उंचीनुसार' म्हणून त्यानं दांडा करवतीनं कापला होता आणि टोकाला रबरी टोपणच बसवलं नव्हतं. पोकळ धातूचं उघडं टोक कुणाच्या बरगडीत घुसलं म्हणजे? पंच चांगला माणूस होता. काठी उलटीपालटी करून म्हणाला, "ही तुम्ही कुठून घेतली?" त्या प्रश्नाचा सूर मला कळला.

त्या शनिवारी स्केट पिशवीत घालून शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या धारवाल्याकडे गेले. सगळं मोडक्या इंग्रजीत नव्हे, अगदी नीट सांगितलं, कारण या वेळी लाज घरी ठेवून आले होते. त्यानं काही न बोलता पातं उलटं धरलं आणि दोन्ही धारांवर एक क्वार्टरचं नाणं आडवं टेकवलं. नाणं पात्याशी काटकोनात बसायला हवं. ते एका बाजूला कललं होतं. म्हणजे एक धार उंच, दुसरी बसकी. पोरगा डावीकडेच का पडत होता ते असं कळलं. मग दोन्ही पाती शेजारी शेजारी ठेवली. एकाची उंची दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी. एक तर नक्कीच कुणाच्या तरी जुन्या स्केटचं होतं.

मग त्यानं आतली गादी काढली. खाली दुसरी गादी निघाली, वेगळ्याच कंपनीची. तिच्या तळाशी छापलेला आकडा होता पाच. पोराच्या रोजच्या बुटाचा नंबरही पाच. स्केट साधारणपणे बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. साडेतीनच्या पायाला पाचचा बूट देऊन पोकळी गादीनं भरली होती. त्यात गादीनं टाच वर उचलली गेली, म्हणून घोटा आधीपेक्षा जास्त कलायला लागला. बुटाच्या तळाचे रिव्हेटही एकदा काढून पुन्हा ठोकलेले होते. कस्टम तर सोडाच, नवेही नव्हते.

मी विचारलं, मग याला कस्टम करायचे तर किती पडतील? तो हसला. म्हणाला, "अकरा वर्षांच्या पायाला? पुढच्या वर्षी हा पाय राहणार आहे का?" अण्णा वाढत्या पोराच्या पँटमध्ये आत दोन बोटं कापड सोडायचे. कवचाच्या बुटात तेही सोडता येत नाही. मुलांसाठी तयार मापाचेच घ्यायचे, नीट तापवायचे आणि हाड टोचत असेल तर तेवढी जागा गरम करून दाबयंत्रानं बाहेर काढून घ्यायची, हा त्याचा सल्ला. त्यानं दुकानातले वापरलेले साडेतीन नंबरचे काढले. गादी बाहेर ओढून पोराला तिच्यावर उभं केलं. पुन्हा आत बसवून, बूट घालून उभं केलं, बोटं टोकाला निसटती लागतात का विचारलं. गुडघे वाकवायला लावून टाच मागे बसते का पाहिलं. नाड्या बांधण्याआधी वरच्या भोकांवरून पेन्सिल आडवी ठेवली. पेन्सिल पायाला टेकली तर बूट उथळ. टेकली नाही. शेवटी चिकटपट्टीच्या तुकड्यावर पायाची लांबी, रुंदी आणि 'अर्धा इंच' असं लिहून जिभेच्या आत चिकटवलं. ती चिकटपट्टी बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. त्याला वाटलं, पैशांमुळे.

गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: कस्टम माल परत होत नाही, मुलाचा पाय वाढला असेल. मी लेखी पाठवलं. ऑन्टॅरिओच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार खोटं सांगून केलेला व्यवहार एका वर्षाच्या आत रद्द करता येतो. आणि माझ्याकडे त्याचे 'फॅक्टरी कस्टम ऑर्डर' म्हटलेले मेसेज होते, शिवाय ई-ट्रान्सफरची नोंद. चार दिवसांत तीनशे डॉलर परत आले. नोंद होती तेवढेच. रोखीच्या ८७५ डॉलरबद्दल तो म्हणाला, "कुठले?" नवरा स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जायचं म्हणत होता. अर्ज अर्धा भरून पडलाय.

ग्रुपवरच्या तीन घरांना मी त्याच आठवड्यात फोन केले. एकांनी नुकतीच तीनशेची उचल दिली होती, ती त्यांनी भांडून परत मिळवली. दुसऱ्यांचे स्केट येऊन दोन महिने झाले होते. त्यांनी गादी काढून पाहिली आणि खाली दुसरी निघाल्याचा फोटो पाठवला. खाली एक शब्द लिहिला नाही. तिसऱ्या घरच्या ताई म्हणाल्या, "आम्हाला तर चांगलाच अनुभव आलाय गं, तुझं काहीतरी वेगळं झालं असेल." मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही. परवा रिंकवर त्यांचा मुलगा खेळत होता. प्रत्येक वेळी उजवीकडूनच वळत होता, मोठा वळसा घेऊन.