काडी नसलेली उदबत्ती : आठ महिने जपानी सेनको वापरून

गेल्या श्रावणात मागवल्या आणि गणपतीत पहिल्यांदा देवासमोर लावायला घेतल्या. पहिली केळ्यात खोचताना मोडली. दुसरीही मोडली. तिसरीला हात घालणार तोच सासूबाईंनी नेहमीच्या पुड्यातली उदबत्ती काढून केळ्यात खुपसली आणि म्हणाल्या, "राहू दे तुझं ते जपान."

तर पहिली गोष्ट हीच. जपानी उदबत्तीला, म्हणजे सेनकोला, आत बांबूची काडी नसते. शेवईसारखी बारीक, साधारण १४ सेंटिमीटर लांब, आणि आतून-बाहेरून एकच मळलेलं पीठ. लाकडांचा, मसाल्यांचा भुगा आणि तो धरून ठेवायला 'ताबू' नावाच्या झाडाच्या चिकट सालीची पूड. (आपल्याकडे उदबत्तीवाले ज्याला जिगट म्हणतात, तो प्रकार.) हा गोळा भोकं असलेल्या साच्यातून दाबून काढतात, अगदी आपल्या कुरडईच्या सोऱ्यासारखा, मग लांबीवर कापून फळ्यांवर वाळवतात. आपली उदबत्ती बहुतेक वेळा कोरी वळून नंतर सुगंधी द्रावणात बुडवलेली असते. इथे वास पिठातच असतो. बांबू जळल्याचा तो करपट वास नाही, हा फरक पहिल्याच दिवशी कळला.

बाकी काहीच कळलं नाही, खरं सांगते. पहिला महिनाभर मला पैसे वाया गेल्यासारखं वाटत होतं. धूर जेमतेम, आणि वास कुठे आहे तेच सापडेना. नवऱ्याने नाक काडीपर्यंत नेऊन विचारलं, "पेटलीय ना नक्की?" चूक आमची होती. आपण उदबत्ती लावतो ती वास घरभर फिरावा म्हणून, तीही पंखा चालू ठेवून. सेनको पंख्याखाली लावू नये. पंखा बंद करून, खिडकी जराशी किलकिली ठेवून, काडीपासून आठ-दहा फुटांवर बसायचं. आणि मोठी गंमत म्हणजे खरा वास काडी संपल्यावर येतो. लावून खोलीबाहेर जायचं आणि अर्ध्या तासाने परत यायचं. तेव्हा जे नाकाला लागतं, त्यासाठी मी आता पैसे मोजते.

तीन प्रकार वापरले. निप्पोन कोदो या कंपनीची 'माइनिची-को' म्हणजे शब्दशः रोजची उदबत्ती. साधी, चंदनाकडे झुकणारी, सुरुवातीला हीच घ्या. क्योतोच्या शोयेइदोची 'होरिकावा' गोडसर आहे, पाहुण्यांना आवडते, मला दोन आठवड्यांत कंटाळा आला. आणि साकाईच्या बाइएइदोची 'कोबुनबोकु'. हे आलुबुखाराच्या जातीच्या जपानी 'उमे' झाडाचं जुनं नाव आहे, पण वास फुलाचा नाही. चंदनाच्या पायावर काहीतरी औषधी, कोरडं. पहिल्यांदा लावली तेव्हा मला आजोळच्या काष्ठौषधींच्या दुकानाची आठवण झाली, आणि नंतर वाचलं तेव्हा उलगडा झाला. जपानी उदबत्तीत परंपरेने पडणारी द्रव्यं म्हणजे लवंग, दालचिनी, चक्रीफूल, जटामांसी, भीमसेनी कापूर, आणि चक्क नखला, समुद्री शंखाचं झाकण. अर्धा माल आपल्या मसाल्याच्या डब्यातला, अर्धा उटण्याच्या दुकानातला. चंदनातही तिथे आपल्या म्हैसूरकडच्या जुन्या लाकडाला सगळ्यांत वरचा मान.

चौथा प्रकार वाढदिवसाच्या निमित्ताने हौसेने घेतला, 'जिन्को'ची छोटी डबी. जिन्को म्हणजे अगर. नावाचा अर्थ 'बुडणारा सुगंध', कारण राळ भरलेलं हे लाकूड पाण्यात तळाशी जातं. इथे मला जरा ओशाळल्यासारखं झालं. 'उदबत्ती'तला ऊद मुळात अरबीतला, म्हणजे अगरच, 'अगरबत्ती'तही तोच. आयुष्यभर ज्या वस्तूला अगराच्या नावाने हाक मारली, तिच्यात अगर नसतोच, आणि तो पहिल्यांदा हुंगला तो जपानी डबीतून. वास गोड नाही. थोडा कडवट, थोडा जुन्या शिसवी कपाटासारखा, आणि मध्येच एक थंड झुळूक. सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही.

'निहोन शोकी' या जुन्या इतिहासग्रंथात नोंद आहे की ५९५ साली आवाजी बेटाला एक ओंडका लागला, लोकांनी तो सरपण म्हणून चुलीत घातला, आणि सुटलेल्या दरवळाने चकित होऊन तो थेट दरबारात पोचवला. तो अगर होता. जपानमधल्या सेनकोंपैकी बहुसंख्य आज त्याच आवाजीत होतात, पण कारण तो ओंडका नव्हे. हिवाळ्यात पश्चिमेच्या वाऱ्याने तिथल्या बोटी बंद पडत, हाताला काम नसे. म्हणून १८५० मध्ये साकाईहून ही विद्या आणली, आणि तोच वारा काड्या वाळवायला कामी आला.

जपानी लोक सुगंध 'ऐकतात' असं म्हणतात, ते मुख्यतः 'कोदो' या कलेबद्दल. त्यात काडी नसतेच. राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची चकती आणि तिच्यावर लाकडाची कपची. मला हे ऐकणंबिकणं आधी जरा लाडिक वाटलं होतं. आता एवढंच म्हणेन की टीव्ही चालू असताना सेनको लावण्यात अर्थ नाही.

तक्रारी. आपल्या पावसाळ्यात काड्या सर्दावतात. भाद्रपदात माझ्या निम्म्या काड्या मध्येच विझत होत्या. आता हवाबंद डब्यात ठेवते. ज्या दुकानाकडून मागवल्या त्याने एक खोका असा पाठवला की अखंड काड्या मोजून अकरा निघाल्या. परत घेईनात. मात्र तुकडे वाया जात नाहीत, दहा मिनिटांसाठी छानच. किंमत जास्त आहे. रोजची काडीसुद्धा मला आपल्या चांगल्या उदबत्तीच्या चौपट पडते, जिन्कोचं तर बोलूच नका. आणि 'कमी धूर' म्हणजे धूर नाही असं नव्हे. घरात दमेकरी असेल तर ही पण नकोच.

लावायला उदबत्तीचं घर चालत नाही, भोक मोठं पडतं. वाटीभर चाळलेली राख घ्या आणि काडी तिच्यात उभी रोवा. ज्योत फुंकून विझवायची नाही, हाताने वारा घालायचा; हा नियम तिथलाही आहे आणि आमच्या घरातलाही, त्यामुळे निदान त्यावरून वाद झाला नाही. झेन मठात ध्यानाची एक बैठक एका काडीने मोजतात, साधारण ४० मिनिटं. माझी २५-३० मिनिटांत संपते. सकाळी पहिला फोन घेण्याआधीचं काम मी आता तिच्यावरच मोजते.

राखेत रुतलेलं टोक जळत नाही, बोटाच्या पेराएवढं उरतं. ती थोटकं मी एका डबीत साठवत होते. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सासूबाईंनी धूपाटण्यात निखारे घेतले, धुपाचा ऊद (तो डिंकाचा, अगर नव्हे) संपला होता, म्हणून ती डबी न विचारता त्यात उपडी केली. मग स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, हे कुठलं? अजून आहे का?"