वर्किंग हॉलिडेला जाताना वन-वे काढायचं की रिटर्न? सोलापूरहून निघणाऱ्यांसाठी हिशेब

वर्किंग हॉलिडे, म्हणजे परदेशात वर्ष-दोन वर्षं राहून काम आणि भटकंती करायचा व्हिसा, मंजूर झाल्याचा मेल आला की घरात पहिला वाद तिकिटावरून होतो. जाणारा म्हणतो वन-वे काढू, पुढचं पुढे बघू. वडील म्हणतात रिटर्नच काढ, एकत्र स्वस्त पडतं. आईच्या मनात तिसरंच असतं: परतीचं तिकीट नाही म्हणजे पोरगं परत येतंय की नाही कोण जाणे. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद आठवडाभर चालतो आणि तेवढ्यात भाडं वाढतं.

माझं मत आधीच सांगतो. ज्याला परतीची तारीख आणि परतीचं शहर, दोन्ही आज माहीत आहे, त्याने रिटर्न घ्यावं. ज्याला दोन्हीपैकी एकही माहीत नाही, त्याने वन-वे घ्यावं आणि परतीचे पैसे सोलापुरातल्या खात्यात वेगळे काढून ठेवावेत. वर्किंग हॉलिडेला जाणारे बहुतेक जण दुसऱ्या गटात मोडतात. पण सगळे नाही, आणि फरक नेमका कुठे पडतो ते बघण्यासारखं आहे.

आधी व्हिसा कोणता ते सांगा

आपल्याकडची पोरं मुख्यतः दोन वाटांनी जातात. एक ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, सबक्लास 462. भारतीयांसाठी तो 2024 मध्ये खुला झाला. वर्षाला 1,000 जागा, वय 18 ते 30, आणि नंबर लागतो सोडतीने. दुसरी ब्रिटनची इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, 2023 पासूनची. तिथे वर्षाला 3,000 जागा असतात, तीही सोडतच, पदवी लागते आणि 24 महिने राहता येतं.

ब्रिटनचा विषय लवकर संपतो. बहुतेक कंपन्यांचं तिकीट पहिल्या प्रवासापासून एक वर्ष चालतं, आणि विमानांचं वेळापत्रक बुकिंगला साधारण अकरा महिने आधी उघडतं. दोन वर्षांनंतरच्या परतीचं तिकीट आज मिळतच नाही. जाताना वन-वे घ्या. पुढे दिवाळीला किंवा बहिणीच्या लग्नाला यायचं ठरलं की तिथूनच लंडन-मुंबई-लंडन असं रिटर्न काढा. इथून रिटर्न काढून त्याची परतीची बाजू लग्नासाठी वापरली, तर पुन्हा लंडनला जायला तिसरं तिकीट लागतं आणि सगळी साखळी बिघडते.

खरी अडचण ऑस्ट्रेलियाची

462 व्हिसावर पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात पाऊल ठेवल्यापासून बारा महिने मिळतात. मधे बाहेर जाऊन परत येता येतं, पण घड्याळ थांबत नाही. तिकीटही वर्षभर चालतं. म्हणजे कागदावर दोन्हींचं माप जुळतं आणि रिटर्न घेणं शहाणपणाचं वाटतं.

आता तारखा मांडून बघा. समजा तुम्ही प्रवासाच्या दोन महिने आधी तिकीट काढताय. बुकिंग आजपासून अकरा महिन्यांपर्यंतचंच उघडलेलं आहे. त्यातले दोन महिने तुम्ही सोलापुरातच घालवणार. म्हणजे परतीची लांबात लांब तारीख मिळेल ती तिथल्या नवव्या महिन्यातली. व्हिसाचे तीन महिने शिल्लक असताना तुमचं विमान तयार उभं असणार. तारीख पुढे ढकलणं अटळ, आणि ढकलायची म्हणजे दोन प्रकारचे पैसे लागतात: एक डेट चेंजचा आकार, दुसरा त्या दिवशीच्या भाड्यातला फरक. तिकीट विकणारा पहिल्याविषयी सांगतो. दुसरा बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतो, आणि तोच मोठा असतो.

हिशेब आकड्यांत करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या दिवसाचे भाव तुम्ही घाला. जाण्याचं वन-वे 45,000, येण्याचं वन-वे 40,000, एकूण 85,000. रिटर्न 72,000. इथवर रिटर्न 13,000 नी स्वस्त. आता तारीख एकदा बदलली: आकार 9,000 आणि भाड्यातला फरक 14,000. रिटर्न गेलं 95,000 वर. एका बदलात पारडं फिरलं. म्हणून स्क्रीनवर दिसणारे वन-वे आणि रिटर्नचे दोन भाव शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. रिटर्नच्या भावात एक डेट चेंज मिळवा आणि मग तुलना करा. काही तिकिटांत तारीख बदलायचा आकार नसतो, फक्त भाड्यातला फरक द्यावा लागतो. असं तिकीट थोडं महाग पडलं तरी रिटर्न घेणाऱ्याने तेच घ्यावं.

आणखी एक गोष्ट. सिंगापूर एअरलाइन्स, क्वांटास, एअर इंडिया अशा पूर्ण सेवेच्या कंपन्यांत वन-वे बऱ्याचदा रिटर्नच्या निम्म्याहून बरंच महाग असतं. स्कूट, एअरएशिया, जेटस्टार यांसारख्या स्वस्त कंपन्या प्रत्येक सेक्टरचा भाव सुटा लावतात. त्यांच्याकडे रिटर्न घेऊन फारसं काही वाचत नाही. त्यांचं रिटर्न म्हणजे बहुतेक वेळा दोन वन-वेंची बेरीजच.

परतायचं कुठून?

पैशापेक्षा हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि घरात त्यावर कोणी बोलत नाही. रिटर्नमध्ये तुम्ही मेलबर्नला उतरता तर मेलबर्नहूनच निघता. पण या व्हिसावरचं आयुष्य कामाच्या मागे फिरतं. एका मालकाकडे सहसा सहा महिन्यांच्या वर काम करता येत नाही. फळतोडणीची कामं हंगामाप्रमाणे सरकतात: मिल्ड्यूराला द्राक्षं, शेपर्टनला सफरचंद आणि पेअर, वर क्वीन्सलंडमध्ये बोवेनला आंबा. पंढरपूर-सांगोल्याकडच्या पोरांना द्राक्ष-डाळिंबाचा हंगाम काय असतो हे वेगळं सांगायला नको. पाऊस आला की काम थांबतं आणि ठरवलेल्या तारखा कोलमडतात.

शेवटचं काम पर्थकडे निघालं आणि परतीचं तिकीट सिडनीहून असलं, तर आधी देश ओलांडा. पर्थ ते सिडनी सुमारे 3,300 किलोमीटर आहे, सोलापूर ते दिल्लीच्या दुपटीहून जास्त. ते तिकीट वेगळं, सामानाचे पैसे वेगळे, एक रात्र हॉटेलात. याउलट सिंगापूर किंवा क्वालालंपूर सिडनीपेक्षा पर्थहून जवळ. वन-वेवाला तिथून सरळ निघतो, वाटेत चार दिवस बालीत काढायचे तरी काढतो.

शिवाय दुसऱ्या वर्षाचा प्रश्न आहे. ठरावीक भागात, ठरावीक प्रकारचं तीन महिने काम केलं तर दुसऱ्या 462 व्हिसासाठी अर्ज करता येतो. जाताना सगळे म्हणतात एकच वर्ष. आठव्या महिन्यात बरेच जण मत बदलतात. तेव्हा हातात रिटर्न असेल तर त्याची मुदत संपते, आणि जमलं तर तिकिटातला थोडा कर परत मिळतो, बाकी पैसे बुडतात.

एक नियम मात्र पाठ करून ठेवा. रिटर्नची परतीची बाजू वापरली नाही तर फक्त पैसे जातात. पण जाण्याची बाजू चुकली, गाडी उशिरा पोचली आणि नो-शो लागला, तर कंपनी पुढची सगळी तिकिटं रद्द करते, परतीचंही. सोलापूरहून मुंबई गाठून विमान पकडणाऱ्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त.

"रिटर्न नसलं तर इमिग्रेशनला अडवतात"

हे वाक्य तिकिटांच्या टेबलावर रोज ऐकू येतं. टुरिस्ट व्हिसाच्या बाबतीत त्यात दम आहे. 462 साठी परतीचं तिकीट असलंच पाहिजे असा नियम नाही. नियम आहे तो पैशाचा: सुरुवातीच्या मुक्कामासाठी साधारण 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर आणि त्यावर देश सोडण्याच्या भाड्याइतकी रक्कम. ब्रिटनच्या योजनेत 2,530 पौंड सलग 28 दिवस खात्यात दाखवावे लागतात. म्हणून वन-वेवर निघताना व्हिसा मंजुरीचं पत्र आणि ताजं बँक स्टेटमेंट छापून हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या काउंटरवरचा माणूस नवखा असला तर दोन कागद दाखवून विषय मिटतो.

डमी तिकीट काढून नेण्याचा सल्ला देणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका. ज्याची गरजच नाही अशा गोष्टीसाठी खोटा कागद कशाला बाळगायचा? आणि व्हिसा हातात येण्याआधी खरंही तिकीट काढू नका, सोडतीत नंबर लागला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही.

आईच्या काळजीला उत्तर तिकिटात नाही, खात्यात आहे. परतीच्या भाड्याएवढी रक्कम जाणाऱ्याच्या इथल्या खात्यात वेगळी ठेवा आणि घरच्यांना ती दाखवा. हे पैसे मोडायचे नाहीत, डिपॉझिट भरायला नाही, जुनी गाडी घ्यायला नाही. तिथे काम नियमित मिळालं तर हे भाडं भरून काढायला फार वेळ लागत नाही: 1 जुलै 2025 ला तिथलं किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं. 38 तासांच्या आठवड्याला साधारण 948 डॉलर होतात, त्यातून या व्हिसावाल्यांचा पहिल्या 45,000 डॉलरपर्यंत 15 टक्के कर जातो. पण पहिले काही आठवडे काम मिळेलच असं नसतं. आजारी पडून, मन न रमून, घरी काही झालं म्हणून लवकर निघावं लागलं तर हाच पैसा उपयोगी पडतो. रिटर्नवाल्यालाही अशा वेळी तारीख अलीकडे आणायला रोख लागतेच.

मग रिटर्न कोणी घ्यावं?

ज्याची नोकरी इथे थांबली आहे आणि अमुक तारखेला रुजू व्हायचं लेखी आहे, त्याने. पुढच्या शिक्षणाची जागा पक्की आहे, त्याने. पाच-सहा महिन्यांसाठीच जाणाऱ्यानेही, कारण त्याच्या दोन्ही तारखा बुकिंगच्या आवाक्यात असतात. आणि ज्याला स्वतःविषयी माहीत आहे की हातात पैसा राहत नाही, त्याने तर नक्कीच. भाडं थोडं जास्त गेलं तरी घरी यायची सोय आधीच भरलेली असते. अशांनी मल्टी-सिटी हा पर्याय जरूर बघावा: मेलबर्नला उतरायचं आणि ब्रिस्बेनहून निघायचं, तिकीट एकच. भाव बऱ्याचदा साध्या रिटर्नच्या जवळपास असतो.

निघायचं मुंबईहून की हैदराबादहून?

सोलापूरकराला ही निवड आहे, आणि रिटर्न घेतलं की ती दोन्ही बाजूंनी बांधली जाते. मुंबईला पर्याय जास्त. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी पोचवते, वंदे भारत दुपारपर्यंत. सिंगापूर-मलेशियाकडची बरीच विमानं रात्रीची असतात, त्यामुळे मधे दिवसभराची फट राहते आणि गाडीला उशीर झाला तरी निभावतं. हैदराबाद रस्त्याने जवळ: नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी करत गेलं की आउटर रिंग रोडने शहरात न शिरता थेट शमशाबादचा विमानतळ. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांचे नातेवाईक तिकडेच आहेत, रात्रीच्या मुक्कामाचीही सोय होते. होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, पण ते तिकीट वेगळं. ते विमान रद्द झालं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही, म्हणून त्याच दिवशीचं जोडविमान धरू नका.

हाच धोका स्वस्त वन-वे जुळवताना येतो. मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-पर्थ दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळ्या पीएनआरवर काढलं तर मधे सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागू शकतं. त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं आणि तिथले प्रवेशाचे नियम लागू होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने जाताना एकाच पीएनआरचं तिकीट घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी. येताना, वर्षभर फिरून सरावल्यावर, हवं तर तुकडे जोडा. चेक-इन बॅगेचं वजनही आधीच मोजा. सोलापुरी चादर नेण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि दोन चादरींत बॅगेचा मोठा हिस्सा जातो. शेंगा चटणी न्यायची तर सीलबंद पाकिटातली न्या आणि उतरताना भरायच्या प्रवेश कार्डावर न चुकता जाहीर करा. खाण्याच्या वस्तू लपवल्या तर तिथे जबर दंड होतो.

वन-वेवाल्याने परतीचं तिकीट कधी काढावं? काम संपायची तारीख कळली की, साधारण दोन महिने आधी. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तिथे उन्हाळ्याच्या सुट्ट्या असतात आणि भारताकडे येणारी विमानं भरून वाहतात. भाव तेव्हा सर्वांत चढे. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी यायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच तिकीट काढून मोकळे व्हा. तशी काही ओढ नसेल तर फेब्रुवारीच्या मध्यानंतरचं बघा.