रमीकब, सीक्वेन्स आणि चवथीची अकरा माणसं

गणेश चवथीला आमच्या गोव्यातल्या बांदोड्याच्या घरात अकरा माणसं जमतात, त्यात आजी ८१ वर्षांची आणि बहिणीची पोरगी ७ ची, आणि पाऊस असा की अंगणात पाय टाकायची सोय नाही. पूर्वी पत्ते असायचे, बदाम सात, मेंढीकोट, पोरांसाठी गाढव झब्बू. आता आरती झाली की पोरं मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गायब. म्हणून यंदा मी पणजीच्या अठरा जून रस्त्यावरची दुकानं फिरून आणि थोडं ऑनलाइन मागवून चार-पाच गेम आणले. पैसे माझे गेलेत, शहाणे तुम्ही व्हा.

आवडलेला आधी सांगतो. रमीकब. डबा उघडला तर आत पत्ते नाहीतच, प्लॅस्टिकच्या सोंगट्या, एकूण १०६. चार रंग, १ ते १३ आकडे, प्रत्येक सोंगटी दोनदा आणि वर दोन जोकर. प्रत्येकाने १४ घ्यायच्या, लाकडी पट्टीसारखा स्टँड असतो त्यावर लावायच्या, आणि पहिल्यांदा खाली उतरवताना बेरीज निदान ३० व्हायला हवी. म्हणजे आपली रमीच. आजीला नियम सांगायला मला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला, तिचा एकच प्रश्न, "पण लाइफ कुठाय? प्युअर नको?" (म्हणजे रमीत आधी लावावी लागते ती जोकरशिवायची ओळ.) नको म्हटल्यावर तिला हे काहीतरी गैर वाटलं, दोन डाव ती तशीच कुरकुरत खेळली.

मग तिला त्यातली खरी गंमत कळली. ह्यात टेबलावर कुणीही लावलेलं आपण मोडू शकतो, फक्त आपली पाळी संपताना सगळं परत नीट जुळलेलं पाहिजे. आजीकडे शेवटची एक सोंगटी उरलेली, निळी ६, आणि ती कुठेच बसत नव्हती. टेबलावर चार रंगांच्या चार सत्ती होत्या आणि पलीकडे निळे ८-९-१०. आजीने चष्मा पुसला, सत्तीतली निळी हळूच सरकवली (तीन उरल्या, चालतं), ती आठाच्या आधी लावली आणि त्याच्या आधी आपली ६. संपलं. माझा इंजिनियर भाऊ हातात नऊ सोंगट्या घेऊन बघत बसला आणि ती म्हणे, "तुझ्याच सत्ती होत्या बाबा."

तोटे पण आहेत. मुळात हा चौघांचा गेम, अकरा जणांचं काय करायचं? आम्ही जोड्या केल्या, भाची आजीच्या मांडीला चिकटून, डोकं आजीचं आणि हात तिचे. तरी तिघं बाहेर राहिलेच, त्यांनी नेवऱ्या खाल्ल्या. दुसरं म्हणजे लाइट गेली की समईच्या उजेडात निळा आणि काळा सारखाच दिसतो, त्यावरून एक भांडण झालंय. पण आपल्याकडच्या दमट हवेत ह्याला काही होत नाही, हा मोठा मुद्दा. पत्ते श्रावणात असे फुगतात आणि चिकटतात की पिसता येत नाहीत, त्यात तेलकट हात. सोंगट्या धुवून पुसून परत डब्यात.

जास्त माणसं असतील तर सीक्वेन्स. बोर्डावर पत्ते छापलेले, हातातला पत्ता टाकून त्या घरात आपल्या रंगाची चकती ठेवायची, ओळीत पाच झाल्या की सीक्वेन्स. बाराजणांपर्यंत खेळता येतो पण टीम सारख्या पडायला हव्यात, म्हणजे दहा चालतात, बारा चालतात, अकरा चालत नाहीत! (आमच्याकडे आळीपाळीने एकाला चहाला बसवला.) गुलामांची मजा आहे, चौकट-किल्वरचा गुलाम म्हणजे कुठेही चकती ठेवा, इस्पिक-बदामचा म्हणजे समोरच्याची उचला. हे सगळ्यांना पाठ व्हायला एक डाव जातो. नियमाप्रमाणे पार्टनरला खाणाखुणा करायच्या नाहीत, आता आमची आत्या खोकल्याशिवाय पत्ता टाकूच शकत नाही त्याला कोण काय करणार.

इथे एक सांगून ठेवतो, मी पहिला डबा ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसला तो घेतला होता, तो डुप्लिकेट निघाला. बोर्डावर किल्वरची अठ्ठी तीन ठिकाणी आणि नव्वी एकाच ठिकाणी! गुलाम सोडून प्रत्येक पत्ता दोनदा असायला हवा. परत पाठवायला गेलो तर सील फोडलंय म्हणून घेतला नाही. मग पणजीत दुकानात जाऊन डबा हातात घेऊन बघून दुसरा आणला.

ऊनो सगळ्यांना माहीत आहे, लहान पोरांसाठी बेस्ट, फक्त खेळायच्या आधी ठरवा की प्लस टूवर (दोन पत्ते उचलायला लावणारा पत्ता) प्लस टू चालणार की नाही. अधिकृत नियमात चालत नाही, आमच्या घरात चालतं, वहिनीच्या माहेरी चालत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी तोंडं फुगली.

व्यापार टाइपचे गेम मी मुद्दाम आणले नाहीत. लहानपणी तासन् तास खेळलोय पण त्यात ज्याचं दिवाळं निघतं तो उठून जातो, आणि एकदा उठलेला माणूस म्हणजे मोबाइल. कॅटान हा वस्त्या वसवायचा बोर्ड गेम बघून ठेवला होता पण मूळ डबा तीन-चार जणांचाच आणि समजावून सांगेपर्यंत आजी झोपली असती. तो मित्रांबरोबर.

आणि हो, काकांनी येताना सावंतवाडीहून दशावतारी गंजिफा आणला. १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, हाताने रंगवलेले, बघत राहावं असं काम. खेळता कुणालाच येत नाही आणि आईने तर भाचीला हातही लावू दिला नाही. तो शोकेसमध्ये गेला.

विसर्जनानंतर रमीकबचा डबा आजीच्या कपाटात आहे, तिच्या पानाच्या डब्याशेजारी. आत १०५ सोंगट्या. एक लाल १२ माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळं-भाज्यांची आरास) उतरवण्याच्या गडबडीत गेली ती गेली. नाताळात भाऊ येईल तेव्हा पुठ्ठ्याची करू म्हटलं, तर आजी म्हणते पुठ्ठ्याची नको, पाठीमागून ओळखू येईल.