हँडबॅग घरी शिवायची तर कापड कोणतं: हिमरू, इरकल की खादी?

ब्लाउज शिवता येत असेल तर कापडी हँडबॅग अवघड नाही. 16 इंची चौरसाचे दोन तुकडे, तेवढंच अस्तर, एक चेन आणि खांद्याला निवारीचा पट्टा. गाडी अडते ती कापडापाशी.

हिमरू दिसायला राजबिंडं, यात वाद नाही. सुती ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, रेशमी नक्षी. 1327 मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्यामागे ही कला इकडे आली असं संभाजीनगरकडे सांगतात. पण घेण्याआधी कापड उलटं करून पाहा. पुढून जिथे बुट्टी दिसत नाही, तिथे तिचे रंगीत धागे मागे मोकळेच धावत असतात. किल्ली किंवा चेनचा रनर त्यात अडकला की धागा ओढला जातो आणि पुढची वेल आवळते. म्हणून अस्तराशिवाय हिमरू शिवूच नये. कापलेली कडही पटकन सुटते, तेव्हा आधी मागून मंद इस्त्रीने फ्युजिंग (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं आतलं कापड) चिकटवा, मग कात्री लावा. शिवणीला अर्ध्याऐवजी पाऊण इंच सोडा. घरी धुणं विसरा. लग्नकार्यात मिरवायला, मोबाइल आणि पाकीट मावेल एवढी लहान बॅग करायची असेल तर हिमरूला तोड नाही. एसटीच्या गर्दीत रोज न्यायची असेल तर पैसे वाया.

इरकल मूळचं कर्नाटकातल्या इलकलचं, पण लातूर-धाराशिवकडे आजीच्या ट्रंकेत एखादं लुगडं निघतंच. खर्च शून्य, आणि नऊवारीत कापड इतकं की बेतताना चुकलं तरी जीव खाली-वर होत नाही. मात्र ते आधी उजेडापुढे धरा, मग दोन्ही हातांनी ताणा. चर्र झालं तर तो भाग अस्तरालासुद्धा घेऊ नका. आणखी एक जागा सांभाळायची. अस्सल इरकलीत पदराचे उभे धागे वेगळे असतात, ते अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडतात. ती जोडरेघ बॅगेच्या तळाशी किंवा पट्ट्याखाली येऊ देऊ नका. कापड मऊ असल्याने आत मांजरपाट घालून वाकळेसारखा धावदोरा घातला की बॅग अंग धरते. हाताचं काम आहे, वेळ जातो. (पैठणी कापू का, हे मला विचारू नका.)

पहिलीच बॅग असेल तर माझं मत जाड खादीला. ती मशीनखाली सरकत नाही, घरी धुता येते आणि भाजी-डबा-वह्यांचं ओझं पेलते. तिरंग्याची खादी विणणारं नांदेड-उदगीर आपल्याच भागात, त्यामुळे चांगली खादी शोधत फिरावं लागत नाही. फक्त ती आटते, म्हणून धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेता. रंग फारच साधा वाटला तर इरकलीच्या लाल पदराचा खिसा पुढे लावा. खिशाला ओझं नसतं, जुनं कापड तिथे टिकतं.

तळासाठी खालच्या कोपऱ्याचा त्रिकोण करा आणि टोकापासून शिवणीवर 2 इंच मोजून आडवी शिवण मारा, 4 इंचांचा तळ मिळतो. पट्टा जोडताना 16 नंबरची सुई लावा आणि त्या जाड जागी पायडलवरचा पाय काढून चाक हाताने फिरवा.