चिपळूणला जुना पेंटॅक्स कॅमेरा घेताना माझा पोपट झाला

यंदा गणपतीत घरच्या आरतीचे फोटो फिल्मवर काढायचे असं डोक्यात बसलं होतं, म्हणून ऑगस्टभर रत्नागिरी, खेड, चिपळूण सगळीकडची जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. ट्रान्झिस्टर, पितळी समया, बंद पडलेले मिक्सर, आणि शेवटी चिपळूणच्या एका दुकानात पेंटॅक्स के १०००, सोबत ५० एमएम एफ २ लेन्स, चामड्याच्या केससकट.

मालक म्हणाला, "मुंबईच्या काकांचा हो, कपाटातनं बाहेर काढलेला नाय कधी, बिनधास्त न्या." लाईट गेलेली, बाहेर धो धो पाऊस. मी दोनतीनदा खटखट केलं, सुई हलली, मी खूश. ७००० जीपे केले, बिल मागितलंच नाही.

आता यात गंमत अशी की सुई फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरची असते, शटर (फोटो काढताना उघडमीट होणारा पडदा) पूर्ण मेकॅनिकल, त्यामुळे सुई हलली म्हणजे कॅमेरा चालतो असं अजिबात नाही. मागचं झाकण उघडून, शटर १/१००० सेकंदावर ठेवून आभाळाकडे धरून बघायला हवं होतं, चौकट पूर्ण उजळते का ते. नंतर १ सेकंदावर. शटर अडकतं की वेळेत मिटतं ते लगेच कळतं. आणि लेन्स काढून एफ २ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवून मागून मोबाईलचा टॉर्च मारायचा. मी घरी आल्यावर मारला तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत काच अशीच सडते, हे मला माहीत असून मी पुढूनच बघून मान डोलावली, म्हणजे बघा.

तरी हौस जाईना, रोल घातलाच. छत्तीसातले वीसेक फोटो अर्धे काळे. आजी निवगऱ्या थापतेय त्यात नुसता हात आलाय, तोंड काळोखात.

मुंबईच्या एका कारागिराने खालची पत्रा-प्लेट काढली तर आत तांबूस गाळ, स्क्रूंना गंज. म्हणाला, "हा पाण्यात गेलेला आहे." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं होतं ते आठवलं आणि काकांचं कपाट कुठे होतं ते समजलं. पुरात माणसांचं जे गेलं ते गेलंच, पुराचा माल स्वस्तात विका, कोण नाही म्हणतंय, पण सांगून विका ना.

भांडायला गेलो तर "जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, तुम्हीच बघून घेतलात." तासभर डोकं खाल्ल्यावर १५०० ला परत घेतो म्हणाला आणि मी वैतागून देऊन टाकला. ही माझी चूकच, कारण तो आता पुन्हा फळीवर असणार. वरच्या उंचवट्याच्या डाव्या कोपऱ्याला पोचा आलाय, केसचं बटण तुटलंय. दिसला तर हात लावू नका.