तुळशी वृंदावन, बारा फुटी सांगाडा आणि आमच्या वसाहतीची व्यवस्थापन कंपनी

टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात झोनिंगचा, म्हणजे जमिनीचा वापर ठरवून देणारा, कायदा नाही. कोणत्या जमिनीवर काय उभे राहावे, हे तिथे बऱ्याच अंशी खरेदीखताला जोडलेल्या अटी ठरवतात आणि आसपासच्या उपनगरांतही त्यांचेच राज्य आहे. या अटींना इथे डीड रिस्ट्रिक्शन म्हणतात. घर विकले तरी त्या जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातात, आणि त्यांची अंमलबजावणी घरमालकांची संघटना, म्हणजे एचओए, बहुधा एखाद्या व्यवस्थापन कंपनीला पैसे देऊन करून घेते. आमच्या वसाहतीसाठी हे काम करणाऱ्या कंपनीचा सहा वर्षांचा अनुभव, विशेषतः अंगणातील शोभेच्या वस्तूंबाबतचा, इथे लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. घर घेणाऱ्याला कंपनी निवडता येत नसतेच.

आमच्या नियमावलीत या विषयाला जेमतेम अर्धे पान मिळाले आहे. रस्त्यावरून दिसणाऱ्या अंगणात तीनपेक्षा अधिक शोभेच्या वस्तू नसाव्यात, कोणतीही वस्तू 24 इंचांपेक्षा उंच नसावी, रंग मातीशी किंवा घराशी जुळणारे असावेत, प्लॅस्टिकचे पशुपक्षी चालणार नाहीत, आणि सणाची सजावट सणाआधी 30 दिवसांपासून नंतर 15 दिवसांपर्यंतच ठेवावी. मागच्या अंगणात कुंपणावरून डोके वर काढत नाही अशा वस्तूंबद्दल कोणी विचारत नाही. फ्लोरिडात तर 2023 पासून कायद्यानेच तशी मोकळीक दिली आहे: घराच्या समोरून, शेजारच्या भूखंडावरून किंवा लगतच्या सामाईक जागेतून वा वसाहतीच्या गोल्फ मैदानावरून जे दिसत नाही, त्यावर तिथली संघटना बंदी घालू शकत नाही.

पशुपक्ष्यांच्या कलमाचा रोख कोणावर आहे, हे इथे कोणालाही विचारावे. डॉन फेदरस्टोन यांनी 1957 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लेमिन्स्टर गावच्या कारखान्यासाठी घडवलेला गुलाबी प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो अमेरिकेतील अंगणांचे दैवतही झाला आणि नियमावल्यांचा शत्रूही. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराने 2009 मध्ये त्याला अधिकृत नगरपक्षी केले, तर आमच्या शेजारच्या आजीबाईंना त्यांच्या जोडीपायी दोन पत्रे आली. त्यांनी ती जोडी उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या आतल्या बाजूला ठेवली. रस्त्यावरून ती पूर्वीपेक्षाही स्वच्छ दिसते आणि नियमावली मात्र काचेपाशी थांबते.

आमचे प्रकरण तुळशी वृंदावनाचे. सासूबाई येणार म्हणून आम्ही दारासमोर सिमेंटचे 30 इंच उंचीचे वृंदावन बसवले. परवानगीचा अर्ज करायला हवा होता, तो केला नाही. ही चूक आमची, आणि ती कबूल करूनच पुढचे लिहिते. ऑक्टोबरच्या अखेरीस, तुळशीचे लग्न पंधरवड्यावर आले असताना, छायाचित्रासह पत्र आले: ‘विनापरवाना शोभेची वस्तू, उंची मर्यादेबाहेर’. त्याच सुमारास समोरच्या घरापुढे हॅलोविनचा बारा फुटी प्लॅस्टिकचा सांगाडा हात पसरून उभा होता आणि तो पूर्णपणे नियमात बसत होता, कारण तो हंगामी. सासूबाईंनी एवढेच विचारले, ‘अगं, त्याच्या उंचीचं कोणी बघत नाही का?’

टेक्सासच्या मालमत्ता संहितेत धार्मिक वस्तूंसाठी वेगळे कलम आहे. पूर्वी ते घराच्या प्रवेशद्वारापुरते होते आणि तिथेही जेमतेम 25 चौरस इंचांची मुभा होती. 2021 मध्ये ती मुभा मालकाच्या संपूर्ण जागेला लागू झाली आणि आकाराची ती अट गेली. प्रामाणिक श्रद्धेने ठेवलेली वस्तू केवळ उंच आहे म्हणून काढायला लावता येत नाही. मात्र ती धोकादायक असेल, सामाईक जागेत असेल, किंवा बांधकामाची हद्द, रस्त्याची जागा किंवा वीज-पाण्याच्या वाहिन्यांसाठी राखलेला पट्टा यांच्या आड येत असेल, तर संघटना हरकत घेऊ शकते. कंपनीच्या प्रतिनिधीला मी हे फोनवर सांगितले, तेव्हा त्यांना या दुरुस्तीची कल्पनाच नव्हती. शेकडो घरांचे नियम राबवून त्याचे शुल्क घेणाऱ्या कंपनीबद्दल माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. उद्यानशोभेचा परी-पुतळा आणि देव्हारा त्यांच्या संगणकात एकाच रकान्यात पडतात.

सुनावणीचा भाग मात्र व्यवस्थित झाला, हे नोंदवलेच पाहिजे. दंड लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी, दुरुस्तीला वाजवी मुदत द्यावी आणि 30 दिवसांत मागणी केल्यास संघटनेच्या मंडळापुढे बाजू मांडू द्यावी, असे राज्याचा कायदा सांगतो. ते सगळे पाळले गेले. सुनावणीच्या दहा दिवस आधी पुराव्यांची कागदपत्रे द्यायची असतात, तीही वेळेत मिळाली. त्यातच भूखंडाचा नकाशा होता, आणि तो पाहिल्यावर आमचाच आवाज खाली आला: वृंदावनाचा चौथरा वाहिन्यांच्या पट्ट्यात दोन फूट शिरला होता. पत्रातले कारण चुकीचे होते, पण हरकतीला दुसरे, खरे कारण होते, आणि ते मंडळातील एका निवृत्त अभियंत्याने शांतपणे दाखवले. चौथरा घराच्या बाजूला चार फूट सरकवायचा, उंची तशीच ठेवायची, दंड नाही, असे पंधरा मिनिटांत ठरले. तुळशीचे लग्न तोवर उरकले होते, जुन्याच जागी.

एरवीच्या सेवेत पत्रे धाडण्याचा वेग उत्तम आणि परवानगी देण्याचा अगदीच सामान्य आहे. आमच्या नव्या अर्जाला मंजुरी मिळायला पाच आठवडे लागले. नियमावली संकेतस्थळावर आहे, परंतु ती जुन्या कागदाची तिरकी प्रत असल्याने त्यात शब्द शोधता येत नाही. इथे घर घेणार असाल तर व्यवहार पूर्ण होण्याआधीच ती मागवावी आणि ‘शोभेच्या वस्तू’, ‘हंगामी सजावट’ व ‘रस्त्यावरून दिसणारे’ या तीन शब्दप्रयोगांच्या व्याख्या वाचाव्यात. आमच्या नियमावलीत तिसऱ्याची व्याख्याच नाही. काही बसवायचे असल्यास भूखंडाच्या नकाशावर जागा दाखवून अर्ज करावा. पाचपैकी अडीच गुण देते, आणि त्यातला एक त्या अभियंत्यांचा आहे.

मंजुरीचा अर्ज भरताना ‘वस्तूचा प्रकार’ या रकान्यात पुतळा, कारंजे, पक्ष्यांचे पाणपात्र आणि इतर असे चार पर्याय होते. मी ‘इतर’वर खूण केली. मंजुरीपत्रात ‘पक्ष्यांचे पाणपात्र’ असे आले आहे.