आरटूल्स: विंडोजवर पॅकेज कंपाइल करणाऱ्या नवशिक्यांसाठी

विंडोजवर आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा वापरताना सी, सी++ किंवा फोरट्रानचा कोड असलेलं पॅकेज सोर्समधून, म्हणजे मूळ कोड आपल्याच संगणकावर यंत्राच्या भाषेत बदलून (कंपाइल करून) बसवायचं, तर आरटूल्स या साधनसंचाला पर्याय नाही. फुकट आहे, आणि जीसीसी (कंपायलर), मेक, बॅश ही लागणारी साधनं सगळी एकाच इन्स्टॉलरमध्ये मिळतात. तयार (आधीच कंपाइल केलेली) बायनरी पॅकेजं वापरणाऱ्यांना मात्र याची गरजच नाही.

आवृत्तीची जोडी चुकवू नका: आर ४.४ ला आरटूल्स४४, ४.५ ला आरटूल्स४५. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आर अपडेट होतं, आरटूल्स जुनंच राहतं. बसवताना फोल्डर बदलू नका, सी ड्राइव्हवरचा मूळचाच ठेवा. आर ४.२ पासून पुढे पाथ (आरटूल्स कुठे आहे ते सांगणारा पत्ता) हाताने लिहावा लागत नाही, ही फार मोठी सोय झाली. जुन्या आरटूल्स४० ला तो लिहावा लागतो.

बसवल्यावर आर बंद करून पुन्हा उघडा आणि आरसीपीपी (Rcpp) पॅकेजच्या इव्हॅलसीपीपी (evalCpp) फंक्शनला अवतरणचिन्हांत "२ + २" द्या (आकडे इंग्रजीतच टाइप करा). उत्तर ४ आलं की काम फत्ते.

कंपाइल फसलं तर 'नॉन-झिरो एग्झिट स्टेटस' (non-zero exit status) या शेवटच्या ओळीवर अडकू नका. वर सरकत जाऊन 'एरर' (error) लिहिलेली पहिली ओळ शोधा, खरं कारण तिथेच असतं. लायब्ररीच्या (पॅकेजं बसतात त्या फोल्डरच्या) पाथमध्ये स्पेस असेल तर तीही काढा.